डाव्या हाताची रेष

सुधीरदादा, त्या शनिवारी तुमच्या दारात चपला काढताना मला रडू येत नव्हतं. भीती वाटत होती. आत हॉलमध्ये तुम्हाला जमिनीवर निजवलं होतं, मीनावहिनी तुमच्या उशाशी बसल्या होत्या, आणि मला त्यांना असा एक प्रश्न विचारायचा होता जो कुठल्याही शहाण्या माणसाने मयताच्या घरात विचारू नये. लोक सांत्वनाला आले होते, मी चौकशीला आले होते. तुम्ही उठून बसला असतात तर म्हणाला असतात, "मग विचार नं, रुकलीस कशाला?"

तुमच्याबद्दल आता सगळे फार छान बोलतात. शांत होते, देवमाणूस होते, हातात जादू होती. ऐकून मला त्यातही हसू येतं. शांत? तुम्ही? अख्ख्या इंदूर एअरपोर्टवर तुमच्याइतका घाबरट माणूस नव्हता. आपलं दोघांचं काम एकच, विमानातल्या विजेचं. पण तुम्ही ते असं करायचात, जणू प्रत्येक पत्र्यामागे कोणीतरी दबा धरून बसलंय. लग्नाला गेलात तरी पंगतीला बसायच्या आधी मांडवातल्या जनरेटरची वायर हुंगून यायचात. आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आलात तेव्हा फ्रिजमागचा प्लग काढून बघितलात आणि माझ्या सासूबाईंना म्हणालात, "काकू, हा गरम होऊन राह्यलाय. आजच्या आज बदला." तुम्ही गेल्यावर सासूबाईंनी मला विचारलं, "हे इंजिनियर आहेत की विम्याचे एजंट?"

त्याच सासूबाईंशी पुढे मंगळसूत्रावरून वाजलं. कामावर मी गळ्यातलं काढून ठेवते हे त्यांना कळलं आणि घरात दोन दिवस अबोला. तुम्ही स्वतः आलात. बोटातली अंगठी काढून त्यांच्या तळहातावर ठेवलीत. "काकू, मीपण काढतो. रोज. चालू तारेला धातू लागला तर बोट जातं, गळा जातो. तारेला थोडीच कळतं, हे सौभाग्य आहे म्हणून." सासूबाईंनी अंगठी उलटसुलट करून बघितली आणि परत दिली. पण दुसऱ्या दिवसापासून मी निघाले की त्याच दारातून विचारायच्या, "काढलंस का गं?" अजून विचारतात.

विजेची भीती वेगळी असते, हे मला तुम्ही शिकवलंत. टायर झिजला तर दिसतो, तेल गळलं तर खाली डाग पडतो. तार मात्र पत्र्यामागे, जुडग्यात बांधलेली, वर्षानुवर्षं एखाद्या कडेला गुपचूप घासत राहते. विमान वर चढताना, हादऱ्यांत, क्षणभर ठिणगी पडते आणि जळकट वास येतो. खाली उतरेपर्यंत वास गेलेला असतो. आपण टेस्ट करतो, सगळं ठीक दिसतं. आता हे विमान सोडायचं की अडवायचं, हे आपण जमिनीवर उभं राहून ठरवायचं आणि भोगायचं वर बसलेल्यांनी. बाकीचे कंटाळून म्हणायचे, कुछ नहीं मिला. तुम्ही म्हणायचात, "वास आला होता नं? मग तो आहे. लपलाय." नवीन नवीन असताना तुमच्या ह्या वाक्याने माझी झोप उडायची.

आणि मग तुमची ती रेष. नट ठरलेल्या जोराने आवळून झाला की त्याच्यावरून खालच्या पत्र्यापर्यंत आपण रंगाची बारीक रेष ओढतो, म्हणजे पुढे कधी नट फिरला तर रेष तुटलेली दिसावी. आमच्या सगळ्यांच्या रेषा म्हणजे टूथपेस्टचे फराटे. तुमची मात्र एकसारखी, नेटकी, आणि तुम्ही डावरे असल्यामुळे उलट्या बाजूला कललेली. दुसऱ्या शहरांतले इंजिनियरसुद्धा ती ओळखायचे. "ये तो इंदौर वाले सुधीरजी की है," म्हणायचे आणि पुढच्या कामाला लागायचे. एखाद्याला अभिमान वाटला असता. तुमचं डोकं फिरायचं.

आपला कधीच न मिटलेला वाद तो हाच. महत्त्वाचं काम एकाने केलं की दुसऱ्याने ते नव्याने तपासायचं, हा आपल्या धंद्याचा नियम. पण तुमच्यादेखत तुमच्या नटाला पाना लावायचा म्हणजे मला वडिलांना "अंघोळ केलीत का" विचारल्यासारखं वाटायचं. "रेष नको बघूस, नट बघ," तुम्ही ओरडायचात. "रेष मीच ओढलीय नं? आणि मी कोण? मी चुकू शकतो."

"पण दादा, आजपर्यंत चुकलात का कधी?"

"अनघाजी," तुम्ही म्हणायचात, आणि नावापुढे जी लागलं की समजायचं, पारा चढला. "चुकलो असेन तर मला कसं कळेल? ते तुला कळायला पाहिजे."

मी म्हणायचे, एवढा संशय घेऊन माणसं सोबत काम कशी करतील. तुम्ही म्हणायचात, संशय घेतात म्हणूनच तर करू शकतात. बिजासन टेकरीच्या पायऱ्यांवर बसून भुट्टे खाता खाता आपण ह्यावर इतके भांडलोय की शेजारचे लोक उठून दुसरीकडे जाऊन बसायचे.

शुक्रवारी दुपारी ते विमान आलं. चढताना मागच्या पॅन्ट्रीत जळका वास आला आणि गेला, असं क्रूने सांगितलं. मी म्हटलं, ओव्हन असेल, कोणीतरी काहीतरी सांडलं असेल आत. तुम्ही म्हणालात, तार. आपण ओव्हन काढला. स्वच्छ होता. मग तुम्ही पॅनल उघडून पत्र्यामागच्या त्या बिळात डोकं घातलंत आणि बराच वेळ बाहेर आलाच नाहीत. आलात तेव्हा चेहरा घामाने डबडबलेला होता. "इकडे ये. हात नको लावूस, फक्त बघ." ओव्हनला जाणारी तार ब्रॅकेटच्या कडेवर घासून सोलली गेली होती. आतलं तांबं दिसत होतं आणि शेजारचा पत्रा काळा पडला होता. तुम्ही म्हणालात, "तुझंपण अर्धं बरोबर निघालं. ओव्हनचीच तार आहे." जिंकल्यावरही समोरच्याची इज्जत राखायचात तुम्ही.

विमान अडवलं. शनिवारी दुपारी सोडायचं ठरलं. तार बदलेपर्यंत संध्याकाळ झाली, तेव्हा तुम्ही मला म्हणालात, "तू घरी जा. थोडंच राह्यलंय, मी पूर्ण करतो. सकाळी ताज्या नजरेने येऊन तपास." बोलता बोलता तुम्ही डावा खांदा चोळत होतात. मी विचारलं, "हात दुखून राह्यला का?" तुम्ही म्हणालात, "अरे नाही गं, आत वाकून बसलो होतो नं, अकडलाय." त्या बिळात सगळ्यांचेच हात अकडतात. मी घरी गेले.

सकाळी पोचले तेव्हा आपला टेक्निशियन पंकज विमानाच्या शिडीवर बसून रडत होता. तुम्ही पहाटे घरी चहाची वाट बघत खुर्चीत बसल्या बसल्याच गेलात म्हणे. हार्ट. मीनावहिनी कप घेऊन बाहेर येईपर्यंत सगळं संपलं होतं.

राठौरजींचेही डोळे लाल होते. स्टेशनचे इंचार्ज म्हणून त्यांना रडायचीही सोय नव्हती, प्रवासी यायला लागणार होते. ते म्हणाले, "अनघाजी, आप बस एक नजर मार के साइन कर दो, फिर सब साथ में सुधीरजी के घर चलते हैं. उनका आखिरी काम है, उसमें क्या देखना." पंकजही म्हणाला, "दीदी, पॅनल लावून टाकू का? सरजींची लाइन लागलेली आहे, मी पाहिली नं." त्यांचं काही चुकत होतं असं त्या घटकेला मलाही वाटलं नाही. त्यांना तुमच्या कामाला हात जोडून ते तसंच मिटवायचं होतं.

मी आत डोकं घातलं. नवी तार, नवे क्लॅम्प, कडेवर रबर. सगळं देखणं. शेवटी अर्थिंगचा नट, ज्याच्यातून ओव्हनचा सगळा करंट परत फिरतो. तार बदलायला तुम्ही तो काढून पुन्हा बसवला होता. त्यावर तुमची रेष. कललेली, अखंड, ओली असल्यासारखी चमकत होती. दादा, ती तुमची शेवटची रेष होती आणि पाना लावला की तिच्यावर ओरखडा येणार होता. माझा हात पुढे होईना. राहू दे, असं मनात आलं. मग मला तुमचा असा राग आला, आयुष्यभर एकच गोष्ट बोलून बोलून डोकं खाल्लेल्या माणसाचाच येतो तसा. मी पाना लावला.

नट फिरला. बरणीचं झाकण फिरावं तसा, सहज. तुमची रेष मधोमध तुटली.

मी पाना सोडून दिला आणि दोन्ही हात छातीशी घेतले. पुढे काय झालं असतं ते मला कोणी सांगायची गरज नव्हती. वर गेल्यावर कोणी जेवण गरम करायला ओव्हन लावला असता. सैल नट तापला असता, ठिणग्या पडल्या असत्या, वास आला असता, आणि ह्या वेळी तो कदाचित गेला नसता. तुम्ही बसवलेल्या नव्याकोऱ्या तारेच्या शेजारी, तुमच्याच रेषेखाली.

पण खरी भीती त्यानंतर आली. तुम्ही नट सैल ठेवून रेष ओढणारे नाही. आपला पाना ठरलेला जोर लागला की टक् करतो, पण वाकलेल्या मनगटात, कळा येत असताना, तो टक् झाला की नुसता भास झाला हे कळत नाही. मला तुमचा तो खांदा आठवला. डावा. तुम्ही पाना धरायचात तोच हात. त्यातला जोर गेला होता आणि तुम्हाला तो पुरेसा वाटला होता. मग हा जोर कधी गेला? काल संध्याकाळी? की त्याच्या आधी? कारण त्या आठवड्यात तुम्ही आणखीही काही विमानांना हात लावला होता. त्यांचीही दुसरी तपासणी झालेली होती, पण कशी झाली असेल ह्याची मला शंका होती. ये तो सुधीरजी की है. आणि ती विमानं त्या घटकेला माणसं भरून इकडून तिकडे उडत होती.

राठौरजींना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी ऑफिसचं दार लावून घेतलं. मग म्हणाले, "आदमी अभी घर में रखा है, अनघाजी, और आप उसकी गलती लिखवा रही हो?"

मी म्हटलं, "गलती बाद में देखेंगे. वो हाथ कब से खराब था, ये मालूम करना है. अभी."

"कौन बताएगा?"

"भाभी."

मग त्यांनी फोन ओढला आणि म्हणाले, "जाओ. मुझे बस दिन बता दो, किस दिन से." पंकजला मी सांगितलं, मी परत येईपर्यंत पॅनल उघडाच राहील आणि त्याला कोणीही हात लावणार नाही.

कृष्णपुऱ्याच्या दगडी छत्र्यांजवळून तुमच्या गल्लीत वळले तेव्हा बाहेर बांबू येऊन पडले होते. वहिनींनी मला जवळ ओढलं. "बघ गं अनघा, तुझे दादा." मी बघितलं. कोणीतरी तुमचे दोन्ही हात छातीवर ठेवले होते. मी डाव्या हाताकडेच बघत राहिले. मग वहिनींच्या कानाशी वाकून विचारलं, "वहिनी, दादांचा हात कधीपासून दुखत होता?"

तुमच्या बहिणीने माझ्याकडे अशी नजर टाकली की मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. वहिनी म्हणाल्या, "मला तर काहीच नाही बोलले ते."

"आठवून बघा. शर्ट घालताना, बादली उचलताना. काहीपण."

"पण का गं?"

तेव्हा मी खरं ते सांगितलं. तुमच्यासमोर, पुटपुटत. दादांचा एक नट सैल निघाला, वहिनी, आणि बाकीची विमानं वर आहेत. मला वाटलं, आता ह्या मला घराबाहेर काढतील. पण त्या तुमच्यासारख्या घाबरटाची बायको होत्या. ह्याचा अर्थ काय होतो हे त्या खोलीत फक्त त्यांना कळत होतं. त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि डोळे मिटून बसल्या.

"बुधवारी," त्या म्हणाल्या. "बुधवारी आम्ही खजरान्याच्या गणपतीला गेलो होतो. दरवेळी तिथे कोणी नं कोणी टोकतंच, सीधे हाथ से भिया, सीधे हाथ से. आणि हे दरवेळी डाव्यानेच नारळ फोडायचे. ह्या बुधवारी सीध्या हाताने फोडला. एका फटक्यात फुटलापण नाही, परत परत आपटला. मी इतकी खुश झाले, अनघा. म्हटलं चला, एवढ्या वर्षांनी देवासमोर तरी ऐकलं. घरी येऊन मी त्यांना शिरा करून खाऊ घातला."

आपण काय बोललो ते त्यांचं त्यांना उमगलं आणि त्यांनी तुमचा डावा हात उचलून आपल्या कपाळाला लावला.

मी बाहेर ओट्यावर येऊन राठौरजींना फोन केला. बुधवारपासून. ती विमानं ज्या ज्या शहरात उतरली होती, तिथून एकेक करून उत्तरं यायला लागली. टाइट है. ये भी टाइट है. एक विमान मात्र हवेत होतं, उतरायला अवकाश होता. मला कोणीतरी तुळस आणायला सांगितली, मी आणली. एका हातात तुळस, दुसऱ्या हातात फोन. वर आभाळाकडे बघायची हिंमत होत नव्हती. तुमच्या आत्म्याला शांती मिळो वगैरे मागायचं मला सुचलंच नाही, दादा. मी गणपतीला एवढंच म्हणत होते की त्या विमानातला ह्यांचा नट धरून ठेव.

तुम्हाला उचललं आणि फोन वाजला. विमान उतरलं होतं. "आधा चक्कर घूमा," राठौरजी म्हणाले. त्यांचा आवाज फाटला होता. "कस दिया है. अब सब ठीक है." मी ओट्यावर बसले आणि तेव्हा कुठे मला रडू फुटलं. लोकांना वाटलं तुमच्यासाठी. तुमच्यासाठीही होतंच.

मी तुमच्याबरोबर मुक्तिधामला आले नाही, परत एअरपोर्टला गेले. तो नट साफ करून आवळला, टक् ऐकला, खात्रीसाठी पुन्हा ऐकला. राठौरजींचंही लायसन्स आपल्याच कामाचं, पण किती वर्षांत ते असे आत शिरले नव्हते. पोट अडलं तरी शिरले आणि माझ्यासमोर माझ्या नटाला पाना लावला. नट हलला नाही. मग मी रेष ओढली. फराट्यासारखीच आली. थोड्या वेळाने माणसं चढायला लागली, एका आजींनी शेवेचा डबा छातीशी धरला होता. विमान उडालं आणि दिसेनासं होईपर्यंत मी खाली उभी राहिले.

जे झालं ते मी सगळं कंपनीला कळवलंय, तुमच्या नावासकट. काही लोक त्यामुळे माझ्याशी नीट बोलत नाहीत. दिवंगत माणसाचं नाव खराब केलं म्हणतात. तुम्ही त्यांच्यावर केवढे ओरडला असतात, ह्या विचाराने मला बरं वाटतं. तुमच्यामुळे ती सोललेली तार सापडली. तुमची चूक सापडली तीही तुमच्यामुळेच. एवढं कोणी कोणाला शिकवून जात नाही. मी जन्मभर तुमची ऋणी आहे.

पण मला भांडायचंय, आणि तुम्ही नाही. परक्याच्या फ्रिजचा गरम प्लग तुम्हाला कळतो, मांडवातली वायर कळते, आणि स्वतःच्या खांद्यातून तीन दिवस निघणारी कळ म्हणजे अकडलेला हात? वास आला होता नं? मग तो आहे, लपलाय, हे कोण म्हणायचं? सगळ्या जगावर संशय घेतलात, फक्त स्वतःवर घेतला नाहीत. की घेतला होता आणि घाबरलात? घाबरला असाल तर ते मला समजतं, दादा. पण एकदा सांगायचं होतं. मला नाही तर निदान वहिनींना.

काल त्यांच्याकडे गेले होते. चहा झाल्यावर त्यांनी माझा उजवा हात आपल्या मांडीवर घेतला आणि मनगटापासून खांद्यापर्यंत हळूहळू दाबून बघितला. "अनघा, तुझा हात कधी दुखला तर सांगशील नं? लगेच?"

"हो वहिनी. लगेच सांगेन."

मी हे इतकं पटकन म्हटलं की माझं मलाच दचकायला झालं. तुम्हीही त्यांना इतक्याच पटकन हो म्हणाला असतात.